ताण आणि बहार

पहाटे पाचच्या सुमाराला वरुडमधून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा. मोर्शीचा असो, पांढुर्ण्याचा असो की शेंदुरजना घाटचा. संत्र्याच्या बगीच्यांवर अजून अंधार असतो, सातपुड्याची रांग नुसती काळी रेघ दिसते, आणि डांबराच्या कडेनं पोरं-पोरी धावत असतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणाच्या नसतात. एकाच्या हातात मोबाइलवरचं घड्याळ लावलेलं असतं आणि तो मागच्यांना सेकंद ओरडून सांगत असतो. ही पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. सारं मैदान पन्नास गुणांचं, आणि एकेका गुणावर घराचं नशीब टांगलेलं.

या मुलांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. दिवसा बगीच्यात किंवा दुकानात काम, संध्याकाळी अभ्यासिका आणि पहाटे धावणं, असं वर्ष-दीड वर्ष काढणं सोपं नाही. पण गेली कित्येक वर्षं मी आणखी एक गोष्ट बघतो आहे आणि तिची खंत वाटते. निकाल लागतो. निवड झालेला गावभर पेढे वाटून प्रशिक्षणाला जातो, न झालेला काही दिवस तोंड लपवतो आणि मग मिळेल त्या कामाला लागतो. प्रशिक्षण आटोपलं की पहिल्याचं धावणं सुटतं, दुसऱ्याचं तर निकालाच्या दिवशीच सुटलेलं असतं. पाच-सात वर्षांनी दोघंही भेटतात तेव्हा शर्टाची बटणं ताणलेली असतात आणि जिना चढताना दम लागतो. शरीर कमावणं ही आपल्याकडे एक परीक्षा झाली आहे. ती झाली की पुस्तकं रद्दीत जातात, तसंच शरीरही.

आपल्या वऱ्हाडाची परंपरा मात्र अशी नव्हती. शंभर वर्षांमागे जाऊन पाहिलं तर या भागात शरीराकडे आयुष्यभराचं काम म्हणून पाहणारी माणसं होती, त्यांनी संस्था उभ्या केल्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं याचा पुरावा अगदी अलीकडे, आपल्याच विदर्भाच्या मैदानावर मिळाला. तो पुरावा आधी सांगतो.

१ जानेवारी २०१८. इंदूरचं होळकर स्टेडियम. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळत होता आणि साठ वर्षांत एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नव्हता. त्या दिवशी दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकची चर्चा देशभर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण विजयाचा शेवटचा चौकार ज्याच्या बॅटमधून गेला तो संघातला सगळ्यात वयस्क माणूस होता. वसीम जाफर. दीड महिन्यानं तो चाळीस वर्षांचा होणार होता.

जाफर मुंबईचा. वडील बसचालक. १९९६-९७ मध्ये त्यानं प्रथम श्रेणीत पाऊल ठेवलं आणि दुसऱ्याच सामन्यात नाबाद ३१४ धावा केल्या. भारतासाठी ३१ कसोटी खेळला, त्यात दोन द्विशतकं. भारतीय संघाचं दार २००८ मध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. अशा वेळी बहुतेक खेळाडूंचा खेळ आटतो. समालोचन, अकादमी, एखादी नोकरी, असे मार्ग असतात. जाफर मात्र खेळत राहिला. २०१५ मध्ये मुंबई सोडून विदर्भाकडे आला. त्यानंतरच्या मोसमात दुखापतीनं त्याला घरी बसवलं. अडतिसाव्या वर्षी दुखावलेला सलामीचा फलंदाज परत येईल असं कुणालाही वाटलं नसतं. तो परत आला, आणि २०१७-१८ चा मोसम मानधन न घेता खेळला. मला खेळायचं आहे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पुढचं सगळं नोंदीत आहे. मार्च २०१८ मध्ये, चाळिशी पूर्ण होऊन महिना झालेला असताना, नागपूरला जामठ्याच्या मैदानावर शेष भारताविरुद्ध इराणी करंडकात त्यानं २८६ धावा काढल्या. विदर्भानं त्या डावात ७ बाद ८०० वर डाव घोषित केला. त्याच्या पुढच्या रणजी मोसमात त्यानं १०३७ धावा केल्या, त्यात उत्तराखंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीतलं द्विशतक. फेब्रुवारी २०१९ मध्ये सौराष्ट्राला हरवून विदर्भानं करंडक राखला तेव्हा जाफरला ४१ वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते. मार्च २०२० मध्ये तो थांबला तेव्हा रणजी स्पर्धेत १२,०३८ धावा त्याच्या नावावर होत्या. बारा हजारांचा टप्पा त्याच्या आधी कुणीही गाठलेला नव्हता.

धावा मोजता येतात. मला त्यामागचं न मोजता येणारं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. सलामीच्या फलंदाजाला चाळिशीत दोन गोष्टी दगा देतात, नजर आणि पाय. चेंडू तितकाच वेगानं येतो, पाय अर्ध्या क्षणानं उशिरा निघतो. हा अर्धा क्षण भरून काढायचा तर विशीत जेवढी मेहनत लागत होती तेवढीच करून भागत नाही. पाठ, मांड्या, घोटे यांची रोजची निगा, जेवणातलं तेल-गोड कमी, रात्री वेळेवर झोप, आणि जाळीतल्या सरावात तेच ते फटके पुन्हा पुन्हा. यात रोमांचक असं काहीही नाही, म्हणून त्याच्या बातम्या होत नाहीत. पण कर्णधार फैज फजलच्या त्या तरुण संघानं हे रोज डोळ्यांसमोर पाहिलं. चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक संघाला शिस्त लावत होता हे खरं, पण भारतासाठी खेळून आलेला माणूस आपल्याइतकाच, किंबहुना जास्त घाम गाळतो हे पाहिल्यावर विशीतल्या पोराला सबब सांगायला जागाच राहत नाही. विदर्भाच्या सलग दोन विजेतेपदांत जाफरच्या धावांइतकाच हा वाटा आहे, असं मी ठामपणे म्हणेन. २०२४-२५ मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली तेव्हा जाफर संघात नव्हता. पण पहिल्या विजयात त्याच्यासोबत खेळलेला यष्टिरक्षक अक्षय वाडकर त्या संघाचा कर्णधार होता.

योगायोग असा की जाफरहून सहा महिन्यांनी मोठा असलेला एक माणूस त्याच काळात अमेरिकेत हेच करत होता. टॉम ब्रेडी. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची चाल ठरवून चेंडू फेकणारा माणूस. तो फेकायच्या आत सव्वाशे किलोचे गडी त्याला जमिनीवर आदळायला धावून येतात. असा मार खाण्याची जागा तिशीनंतर बहुतेकांना सोडावी लागते. ब्रेडीला तर सुरुवातीलाच कुणी फारसं मोजलं नव्हतं. २००० साली संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा क्रमांक १९९वा होता. तोच ब्रेडी फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४३ वर्षांचा असताना, सातव्यांदा सुपर बोल जिंकला आणि ४५व्या वर्षी निवृत्त झाला. जड वजनांपेक्षा रबरी पट्ट्यांनी स्नायू लवचीक ठेवणं, काटेकोर आहार, लवकर झोप, हे त्याचं तंत्र जगभर गाजलं. आपल्याकडे ते नवलाईनं वाचलं गेलं. आपल्या आजोबांना त्यात नवल वाटलं नसतं, कारण जड वजनांऐवजी स्वतःच्याच शरीराचा भार वापरणारे जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः राजे असून आयुष्यभर सूर्यनमस्कार घालत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलांकडून घालून घेत.

विदर्भ जिथे जिंकला त्या इंदूरच्या होळकर नावाशी एक नागपूरकरही जोडलेला आहे. सी. के. नायडू. १८९५ साली नागपुरात जन्मलेले, हिस्लॉप कॉलेजात शिकलेले, १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार. त्यांची १९२६ ची मुंबईतली एमसीसीविरुद्धची १५३ धावांची, अकरा षटकारांची खेळी सगळ्यांना ठाऊक असते. त्यांचं उत्तरायुष्य मात्र कमी सांगितलं जातं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी होळकर संघासाठी रणजीत द्विशतक काढलं. सत्तावन्नाव्या वर्षी त्या संघाला रणजी विजेतेपद मिळवून दिलं. १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशाचे कर्णधार म्हणून खेळताना त्यांनी ८४ धावा केल्या तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. आज आपण एकसष्टीला माणसाला शाल पांघरून खुर्चीत बसवतो.

पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर त्यांचे समकालीन. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि क्रिकेट खेळत. महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक त्यांनी मिळवून दिला. त्याच काळात मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, वय ४८. बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं. देवधर १०१ वर्षं जगले, १९९३ साली गेले. नोकरी सांभाळून, वर्गात शिकवून, संध्याकाळी सराव करून हे त्यांनी केलं. आहारतज्ज्ञ नाही, फिजिओ नाही. होती ती नियमितता.

अशी नियमितता कुठून येते, या प्रश्नाचं एक उत्तर वरुडपासून नव्वदेक किलोमीटरवर, अमरावतीत आहे. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी तिथे एक आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. पारतंत्र्याचा काळ. तरुणांची शरीरं आणि मनं दोन्ही वाकलेली होती, आणि सरळ करायची तर सुरुवात शरीरापासून करावी लागेल असं वैद्य बंधूंना वाटत होतं. मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम, कबड्डी, सगळं तिथे शिकवलं जाई. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांसारखा, पुढे तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचणारा माणूस या मंडळाच्या उभारणीत होता. हुतात्मा राजगुरू इथल्या आखाड्यात व्यायाम शिकून गेले. आणि १९३६ साली मंडळाचा चमू बर्लिनला गेला, जिथे ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. कबड्डीला आशियाई खेळांत पदकाचा दर्जा मिळायला त्यानंतर १९९० साल उजाडावं लागलं. म्हणजे अमरावतीची माणसं चोपन्न वर्षं पुढे होती.

मंडळानं केलेलं मोठं काम पदकांपेक्षा वेगळं होतं. त्यांनी व्यायाम शिकवणारे शिक्षक तयार केले. इथून शिकून बाहेर पडलेला माणूस कुठल्या तरी तालुक्याच्या शाळेत व्यायामशिक्षक होई, आणि पुढची तीस वर्षं रोज सकाळी तो स्वतः मैदानावर उभा राही. मुलांनी पाहिलेला पहिला ‘टिकलेला’ खेळाडू हाच असे. पन्नाशीतले, पांढरे केस झालेले, पण पाठ ताठ असलेले गुरुजी. आमच्या शाळेतही असे एक गुरुजी होते. ते आमच्याआधी मैदानावर असत, पावसातही. आम्ही त्यांना टाळत होतो, त्यांच्या शिटीला शिव्या घालत होतो. आज कळतं की त्यांनी आम्हाला खेळ कमी आणि सकाळी उठून हजर राहणं जास्त शिकवलं.

आता इथल्या मातीतल्या एका गोष्टीकडे वळतो, कारण वरुडच्या माणसाला शरीराबद्दल सांगायचं तर संत्र्याच्या झाडापेक्षा सोपं उदाहरण नाही. आपल्याकडचा बागायतदार झाडाला ताण देतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये पाणी तोडतो. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे, काळ्या भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, काही गळतात. नवख्याला वाटतं झाड चाललं. मग ताण तोडायचा, पहिलं पाणी हलकं, नंतर भरपूर, खत द्यायचं, आणि पंधरवड्यात फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात. आमच्याकडचे जुने लोक सांगतात, ‘झाडाले ताण देल्ला नाई त बहार फुटत नाई. अन् ताण तोडाचं इसरलं त झाड वाळते.’

खेळाडूच्या शरीराचं यापेक्षा वेगळं काही नाही. स्नायूवर भार टाकला की तो थोडा झिजतो, आणि विश्रांती, अन्न आणि झोप मिळाली की आधीपेक्षा बळकट होऊन भरून येतो. विशीत हे भरून येणं झटपट होतं, चाळिशीत सावकाश. जाफर, ब्रेडी किंवा नायडू यांची खरी हुशारी ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा हे ओळखण्यात होती. एकाच वर्षात दोन्ही बहार ओरबाडणाऱ्याचा बगीचा काही वर्षांत बसतो. वरुड-मोर्शीच्या भागानं जमिनीतल्या पाण्याचंही असंच केलं, उपसत गेलो, बोअर खोल करत गेलो, आणि भूजलाच्या अतिउपशामुळे ‘डार्क झोन’मध्ये जाऊन बसलो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आमच्याकडे अनेकदा म्हटलं जातं की शेतात राबणाऱ्याला व्यायामाची काय गरज. हे म्हणणं अन्यायाचं आहे. संत्र्याचे कॅरेट दिवसभर डोक्यावर वाहणारा मजूर किंवा वाकून कापूस वेचणारी बाई जाफरपेक्षा कमी कष्ट करत नाही. पण तिला ताणच ताण आहे. ताण तोडणारं पाणी नाही. पोटभर डाळ-दूध नाही, दुपारची सावली नाही, रात्रीची पुरी झोप नाही, कंबर दुखली तर सुटी नाही. म्हणून पंचेचाळिशीत तिची कंबर जाते. कष्टानं शरीर कमावलं जातं ते कष्टामागे विश्रांती आणि अन्न असेल तरच. एरवी ते नुसतं खर्च होतं. मोठ्या वयात खेळणाऱ्या माणसाचं कौतुक करताना हा फरक विसरता कामा नये.

परत भरतीच्या पोरांकडे येतो, कारण त्यांच्यासाठी विदर्भातच एक माणूस आहे. उमेश यादव. वडील नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. उमेशला सैन्यात किंवा पोलिसांत जायचं होतं. पोलीस भरतीत तो थोडक्यात राहिला. आज वरुडच्या रस्त्यावर धावणाऱ्या शेकडो मुलांची हीच गोष्ट होते आणि इथेच संपते. उमेशची संपली नाही. वीस वर्षांच्या आसपास त्यानं पहिल्यांदा लेदरचा चेंडू हातात घेतला. २००८ मध्ये विदर्भासाठी प्रथम श्रेणी खेळला, २०११ मध्ये भारतासाठी कसोटी, आणि विदर्भाकडून खेळत भारताच्या कसोटी संघात गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. त्याची शेवटची कसोटी २०२३ सालची. ५७ कसोटी, १७० बळी. वेगवान गोलंदाजाच्या प्रत्येक चेंडूला पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर आणि कमरेवर येतो. भारतीय खेळपट्ट्यांवर, या उन्हात, असं बारा वर्षं टिकणं ही लहान गोष्ट नाही. भरतीच्या निकालानंतर त्यानं धावणं थांबवलं असतं तर आपल्याला हे नाव कळलंच नसतं.

प्रत्येकानं भारतासाठी खेळावं असं मी म्हणत नाही. पन्नाशीत जिना न थांबता चढता यावा, साठीत नातवाला उचलता यावं, सत्तरीत स्वतःच्या बगीच्यात फेरी मारता यावी, एवढी आकांक्षा पुरेशी आहे. आणि त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. आपल्या तालुक्यातली शाळांची मैदानं पहाटे आणि संध्याकाळी बंद असतात, त्यांची कुलपं उघडावीत. धावणाऱ्या मुलींना ट्रकच्या दिव्यांपुढून जीव मुठीत घेऊन पळावं लागू नये म्हणून नगरपरिषदेनं किमान एक मातीचा, दिवे असलेला धावमार्ग करावा. शाळांना पूर्ण वेळचा व्यायामशिक्षक मिळावा आणि तासिका गणिताला उसनी देण्याची सवय बंद व्हावी. वैद्य बंधूंनी १९१४ साली यापेक्षा कमी साधनांत सुरुवात केली होती. गावातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी तर कुणाचीही वाट न पाहता उद्यापासून मैदानावर यावं. पोरांना सेकंद मोजून द्यायला तरी यावं.

आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनो, तुमची निवड व्हावी ही मनापासून इच्छा आहे. निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता याच रस्त्यावर पुन्हा या.